‘काढ’ म्हणजे नेमकं काय

माझा धंदा मॅन्युअल लिहिण्याचा. नवी वस्तू घरी आली की खोक्यातून जे पुस्तक सगळ्यात आधी बाहेर येतं आणि थेट माळ्यावर जातं, ते माझ्यासारख्या कुणीतरी लिहिलेलं असतं. आमच्या निगडीच्या घरात माझा नवरासुद्धा मिक्सरचं मॅन्युअल उघडत नाही, आणि वर मलाच विचारतो, “हे चालू कसं करायचं गं?” तेव्हा आपलं कुणी वाचत नाही याची मला चांगलीच सवय होती.

मग आमच्या वाकडच्या कंपनीने एक टूल बनवलं. चाकणच्या कारखान्यांत मोठ्या मशिनशेजारी एकेक कॉम्प्युटर असतो. सुपरवायझरने आपल्या साध्या भाषेत काम सांगायचं, आणि आमच्या एआय एजंटने दूर बसून त्या कॉम्प्युटरवर तशी कमांड चालवायची, असं ते टूल. त्याचं मॅन्युअल माझ्याकडे आलं, आणि ते वाचणार होता खुद्द एजंट. प्रत्येक कामाआधी, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत! इतक्या वर्षांनी मला वाचक मिळाला होता. मी इतकी हरखले की स्वल्पविरामसुद्धा पुन्हा पुन्हा तपासायला लागले.

पण सुखाला गालबोट लावायला आमचे सर होतेच. त्यांनी मीटिंगमध्ये हसत हसत सांगून टाकलं की चाकणची ट्रायल नीट पार पडली की पुढची मॅन्युअलं एआयच लिहील, वेगळं माणूस लागणार नाही. वेगळं माणूस म्हणजे मी. सगळ्यांना एकदम आपापल्या मोबाइलमध्ये महत्त्वाचं काहीतरी दिसलं. मला भीती वाटली, पण राग त्याहून जास्त आला.

त्याच तिरीमिरीत मी चाचणीसाठी ठेवलेल्या कॉम्प्युटरवर एजंटला छळायला बसले. चाकणचे लोक बोलतील तसं लिहिलं, “कालचे लॉग काढ.” लॉग म्हणजे मशिनने दिवसभरात काय काय केलं त्याची नोंद. उत्तर आलं, “काढले.” बघते तर फोल्डर रिकामं! पठ्ठ्याने सगळे लॉग पुसून टाकले होते. त्याला तरी काय बोलणार? आपण कपाटातून साडी काढतो ती नेसायला, आणि कोपऱ्यातलं जळमट काढतो ते टाकून द्यायला. प्रसंग बघून आपल्याला अर्थ कळतो. त्याच्यापुढे प्रसंग नव्हता, नुसता शब्द होता.

मी मॅन्युअलमध्ये एक नवा भाग घातला. ‘काढ’, ‘मार’, ‘उडव’, ‘सोड’. राउंड मारणं वेगळं आणि चालू प्रोग्राम मारणं, म्हणजे मधेच बंद पाडणं वेगळं, हे सगळं उदाहरणं देऊन लिहिलं. शेवटी नियम घातला की काही पुसलं जाण्याची शंका आली तर थांब, दोन्ही अर्थ सांग आणि विचार.

सर वैतागले. “एजंट असा प्रश्न विचारत बसला तर कस्टमर त्याला मठ्ठ म्हणेल. हा भाग काढ.”

“काढू म्हणजे? दाखवू की पुसू?” मी विचारलं.

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. “ठेव. पण ट्रायल फसली तर तुझ्यामुळे फसली.”

“चालेल,” मी म्हटलं. तशीही माझी खुर्ची जाणारच होती.

ट्रायलच्या दिवशी सर मला चाकणला सोबत घेऊन गेले. बहुतेक खापर फोडायला जवळ डोकं असावं म्हणून. तिथले सुपरवायझर मराठवाड्यातले, वयाने मोठे, आणि सकाळच्या शिफ्टचा माल रिजेक्ट झाल्यामुळे आधीच तापलेले. सरांनी ठरवून आणलेला डेमो त्यांनी बाजूला सारला. “ते ऱ्हाऊ द्या साहेब. माल कशानं बिघडला ते आधी बघू.” आणि एका बोटाने टाइप केलं, “सकाळचे लॉग काढ.”

मी स्क्रीनजवळ सरकले. स्क्रीनवर अक्षरं उमटली: “‘काढ’ म्हणजे लॉग दाखवू, की पुसून टाकू? पुसले तर परत मिळणार नाहीत.”

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. सुपरवायझरनी ते वाक्य वाचलं, चष्मा वर करून परत वाचलं, आणि खुर्चीतून अर्धे उठले. “आरं बाबा, पुसू नगं! दाव, दाव!”

लॉग उघडले. मशिनचं प्रेशर कुठे उतरलं ते लाल अक्षरांत समोर आलं. सुपरवायझरनी टेबलावर थाप मारली. “हे पुसलं असतं तर आमी कुठं बघनार हुतो? हे इचारायचं ह्याला कुनी शिकवलं?”

सर घसा खाकरायला लागले. मी त्यांना संधीच दिली नाही. “मी!” म्हटलं, आणि चांगलं खणखणीत म्हटलं. इतका आनंद मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

“मग शेजारच्या प्लँटलाबी हेच लावू,” सुपरवायझर सरांना म्हणाले. “पन ह्या मॅडम असतील तर. तिथली मानसं माज्यापरीस वाकडं बोलत्यात. असतील न्हवं?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

“असतील,” ते पुटपुटले.

मागे प्रेस मशिन धडधडत होतं. सुपरवायझरनी कानामागे हात धरला. “आं? काय म्हनला?”

“मॅडम असतील!” सर ओरडले, आणि शेडमधल्या सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं.