बुडबुड्याशी वैर

लांडग्यानं आमचं कोकरू नेलं तेव्हा मशीन चालू होतं. आबांना हेच पटत नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. पिकं निघाली की शेतकऱ्यांच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची आणि भोवती वाघूर, म्हणजे जाळी, उभी करायची ही आमची पिढ्यांची रीत. त्या जाळीबाहेर मी तारेची एक फेरी ओढून तिला झटका मशीन जोडलं होतं. बॅटरीच्या जेमतेम विजेतून ते हजारो व्होल्टचा क्षणभराचा ठोका तारेत सोडतं. जनावर मरत नाही, पण पुन्हा तिकडं फिरकत नाही. आयटीआय करून मी देवगाव फाट्यावर दुरुस्तीचं दुकान टाकलंय. बापाच्या मेंढरांना माझ्या हातचं मशीन असावं, ही माझीच हौस.

"टिकटिक करायलं व्हतं की, बाई," आबा सकाळी मला म्हणाले. "तरी लांडगं आत आलं."

तेव्हापासून आबांनी झोप सोडली. रात्रभर काठी घेऊन जाळीभोवती फिरायचे आणि दिवसा मेंढरांमागं चालायचे. एकदा पोखर्णीच्या रस्त्याला काठीवर हनुवटी टेकून उभ्या उभ्याच त्यांचा डोळा लागला आणि मेंढरं कुणाच्या हरभऱ्यात शिरली. माझ्यापेक्षा लहान माणूस त्यांना वाट्टेल ते बोलला आणि आबांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. मला ते बघवलं नाही. आबा बिनघोर झोपतील असं मशीन करीन, नाहीतर दुकानाला कुलूप लावीन, असं मी त्याच दिवशी मायला सांगितलं.

मशीन उघडलं. आतली कॉईल आम्ही पारदर्शक सिलिकॉनमध्ये बुडवून घट्ट करतो, म्हणजे वीज भलतीकडं उडी मारत नाही. ते सिलिकॉन ब्लेडनं कापत गेले तर तारेच्या वेटोळ्याला चिकटून ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा निघाला आणि त्याच्यातून बाहेर गेलेली एक काळी रेघ. सिलिकॉन वीज अडवतं, हवेला ते जमत नाही. दर ठोक्याला त्या बुडबुड्यात ठिणगी पडली, सिलिकॉन कणाकणानं जळत गेलं आणि विजेनं आतल्या आत वाट काढली. टिकटिक चालू, तार मेलेली. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तसलं हे प्रकरण.

मग मी हवेच्या मागं लागले. पंप म्हणून भंगारातला फ्रिजचा कॉम्प्रेसर आणला, जाड स्टीलच्या डब्याला आरपार दिसणारं झाकण बसवलं आणि हवा ओढायची सोय केली. एकत्र केले की घट्ट होणारे सिलिकॉनचे दोन भाग सावकाश कालवून भांडं आत ठेवलं. पंप लावला की सिलिकॉन फेसाळून वर यायचं. काठाला आलं की मी पंप बंद करून हवा आत सोडायचे. खाली बसायचं. पुन्हा लावला की पुन्हा वर. अशा किती कॉईल भरल्या, आणि उजेडाला धरल्या की प्रत्येकीत बुडबुडे. मी सिलिकॉनला शिव्या घातल्या, कॉम्प्रेसरला घातल्या, पाठवणाऱ्या दुकानदारालाही सोडलं नाही.

एका सकाळी घरी दूध तापवत होते. दूध वर आलं तसा माझा हात आपसूक गॅसकडं गेला, आणि मी तिथंच थबकले. दुकानातही मी हेच करत होते. लहानपणी दूध उतू गेलं की मायचा धपाटा ठरलेला असायचा, आणि हातानं तो अजून लक्षात ठेवला होता.

त्या दिवशी उंच भांड्यात तळाशी थोडंच सिलिकॉन घेतलं, पंप लावला आणि हात पाठीमागं बांधून उभी राहिले. फेस चढत चढत पार वर आला. मी हलले नाही. मग फेस आपोआप फुटला, खाली बसला, आणि शेवटचा बुडबुडा निघाला तेव्हा सिलिकॉन निवळशंख झालं. कॉईलच्या डबीत एकाच कोपऱ्यातून बारीक धार सोडली, म्हणजे ते खालून भरत येतं आणि हवेला वर ढकलतं. भरलेली डबी पुन्हा पंपाखाली ठेवली, कारण तारांच्या वेटोळ्यातही हवा दडून बसते.

ती घट्ट झाल्यावर मी मधोमध चिरली. आबा दुकानात बसले होते.

"चांगली व्हती म्हणतीस, मग चिरली कशाला?"

"चांगली हाय का न्हाई, ते कळायला."

आत काहीच नव्हतं. नुसतं काचेसारखं सिलिकॉन. मी तशीच दुसरी केली आणि पाथरीच्या रस्त्याला मेंढरं बसली होती तिथं जाऊन मशीन जोडलं. टिकटिक सुरू झाली. आबांनी तिकडं कानही दिला नाही. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी सरळ तारेला हात लावला आणि मटकन खाली बसले. हात चोळत तारेकडं बघितलं. "हाय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या जीपनं गेले. दिवस कासराभर वर आला होता आणि मेंढरं अजून जाळीतच ओरडत होती. आबा घोंगडीवर आडवे, काठी लांब पडलेली. मला भीतीच वाटली. जवळ गेले तर घोरण्याचा आवाज.

माय चुलीपाशी होती. "उठवू नको," ती म्हणाली.

"मेंढरं ओरडायलीत, माय."

"ओरडू दे. मेंढरायला काय, ते रोजच झोपतेत."