संदर्भसूचीत आईचं आडनाव

आज सकाळी कॉलेजात मॅडमनी माझ्या पेपरमधल्या एका वाक्याला लाल गोल केला. बियाणं साठवायच्या जुन्या पद्धतींवर लिहितेय मी. ज्वारीच्या बियाण्याला राख चोळून त्यात कडुनिंबाचा पाला घालतात, असं ते वाक्य.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"आईनं."

"मग संदर्भसूचीत तिचं नाव कुठंय? मुलाखत म्हणून लिही. आधी आडनाव, मग नाव. आणि तिला विचारून."

खरं सांगते, लाज वाटली. कधी न पाहिलेल्या लोकांची नावं मी स्वल्पविरामासकट लिहिली होती, आणि आईला मात्र विसरले.

दुपारच्या एसटीनं बीडहून उमापूरला घरी आले. आई तूर पाखडत होती. तिला सगळं सांगितलं.

"माझं नाव? येडी झालीस का?" मग सूप खाली ठेवत म्हणाली, "आडनाव कोणतं लिवनार?"

"आपलंच की."

तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. "पण हे मी इथं न्हाई शिकले गं. लग्नाच्या आधी, आमच्या रानात शिकले. माहेरचं लिवलं तर चालंल का?"

मॅडमना फोन लावला. म्हणाल्या, "माहिती त्यांची आहे. त्या सांगतील तेच नाव."

लॅपटॉपवर लिहिलं: जगताप, सुमन. मुलाखत, उमापूर.

आईनं स्क्रीनवर बोट ठेवून ती ओळ दोनदा वाचली. मग पदरानं स्क्रीनवरची धूळ पुसली.

मंडळी, तुमच्या आईचं माहेरचं आडनाव तुम्ही शेवटचं कुठं लिहिलंत? मी आज पहिल्यांदाच लिहिलं.