मे महिन्यात हिरवं दिसलं म्हणून

जेसीबीच्या बकेटसमोर द्वारकाबाई बसल्या होत्या. मांडीवर विळा, पाठीशी बांधावरची बाभूळ. नकाशात त्या झाडावर लाल ठिपका होता, म्हणजे उपटायचं. ठिपक्याखाली सही माझी होती.

"साहेब, बाई उठूनच नाही राहिली," ड्रायव्हरने फोनवर सांगितलं. "तुम्हीच या."

मी लातूरहून निघालो.

रेणापूर तालुक्यातलं ते गायरान. गावच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. आमच्याकडं भूमिहीन घरं अशी गायरानं पिढ्यान्‌पिढ्या कसत आली, पण ती त्यांच्या नावावर नाहीत. जमीन नावावर व्हावी म्हणून द्वारकाबाई आणि शेजारच्या घरांचा अर्ज तहसीलमध्ये पडून होता. त्याला कसत असल्याचा पुरावा लागतो. आणि आमच्या अहवालात लिहिलं होतं : 'वेड्या बाभळीने व्यापलेली, विनावापर जमीन.' झाडांबरोबर अर्जही आडवा झाला असता.

एका सरकारी खात्यासाठी आमची कंपनी करत होती ते काम साधं होतं. वेडी बाभूळ बाहेरून आलेली. पसरली की खाली गवताला जागा ठेवत नाही. ती कुठं कुठं आहे ते ड्रोनच्या फोटोंवरून शोधायचं. त्यासाठी कॉम्प्युटरला आधी फोटो दाखवायचे : ही वेडी, ही नाही. याला ट्रेनिंग म्हणतात. मग त्याने दाखवलेली झाडं पायी जाऊन तपासायची. ते ग्राउंड ट्रुथ.

दोन्हीकडं मी माती खाल्ली.

ट्रेनिंगचे फोटो मी मांजरा नदीकाठचे दिले, तेही मे महिन्यातले. तिथं तेव्हा जे हिरवं होतं ते बहुतेक वेडी बाभूळच. कॉम्प्युटरचं मॉडेल तेवढंच शिकलं : उन्हाळ्यात हिरवं ते वेडं. गायरानात पेरणी पावसाळ्यात होते. मेमध्ये रान उघडं, हिरव्या फक्त बांधावरच्या बाभळी. गावठी.

पायी तपासलं असतं तर पहिल्याच झाडाशी कळलं असतं. पण सरपंचाचा माणूस म्हणाला, "तिकडं काय बघताव? समदी वेडीच हाय." मी जीपमध्ये बसूनच तपासणीची शीट भरली.

ऊन फार होतं, असं मी पुढं सगळ्यांना सांगत आलो. खरं कारण ते नव्हतं. जीपजवळ एक बाई आल्या होत्या. "जय भीम, साहेब," म्हणाल्या. शेजारी ऑफिसची माणसं होती. मी "नमस्कार" म्हणालो आणि काच वर केली. माझे वडील अहमदपूरकडं असंच गायरान कसत वारले. कंपनीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊ नये याची मी वीस वर्षं काळजी घेतली होती.

त्या बाई म्हणजे या द्वारकाबाई.

"तुमीच न्हवं का ते इमानवाले?" त्यांनी माझ्या हातात शेंगा ठेवल्या. "बघा. मण्याच्या माळेवानी हाय. वेडीची आसती व्हय अशी? सासऱ्यानं लावल्यात ह्या. औताला लाकूड ह्याचं, शेरडाला शेंगा ह्याच्या."

"वरून शेंगा दिसत नाहीत, बाई."

"मग खाली उतरायचं की. का तुमच्या गाडीची काच निस्ती वरच जाती?"

ड्रायव्हर हसला. मला हसू आलं नाही. मी त्याला म्हणालो, "मशीन बंद कर."

"ऑर्डर कुणाची सांगू?"

"लाल ठिपका ज्याने दिला त्याची."

तिथूनच प्रोजेक्ट हेडला फोन लावला.

"सर, ही गावठी बाभूळ आहे. जमीनही कसलेली आहे. काम थांबवलंय."

"कुणाला विचारून? मॉडेलची अॅक्युरसी क्लायंटने मान्य केलीय. दोन-चार झाडं इकडंतिकडं होणारच."

"शीट खोटी आहे, सर. मी गाडीतून उतरलोच नव्हतो."

त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "हे लेखी देऊ नकोस. आपण टेक्निकल एरर दाखवू."

"टेक्निकल नाही, सर. एरर माझी आहे. तशीच लिहिणार."

"तुझीच नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

जेसीबीच्या टायरवर कागद धरून पत्र लिहिलं. काय केलं, काय केलं नाही, सगळं. फोटो काढून खात्याला आणि तहसीलला पाठवला. कंपनीला प्रत दिली.

जेसीबी परत गेला. खात्याने पायी तपासणी करवली, अहवालात 'विनावापर' खोडून 'वहितीखाली' लिहिलं. अर्ज अजून पडूनच आहे. पण आता माझा कागद त्याच्या आड येत नाही. मला आधी प्रोजेक्टवरून काढलं, मग कंपनीतून. चूक केली तेव्हा नव्हे, कबूल केली तेव्हा. पुन्हा वेळ आली तरी हेच पत्र लिहीन, शब्द न बदलता.

पायी तपासणीच्या दिवशी मी स्वतःच्या खर्चाने गेलो होतो. खात्याची माणसं सोबत असताना द्वारकाबाईंना मोठ्याने "जय भीम" म्हणालो.

"आज आवाज फुटला म्हणायचा," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या बांधाकडं चालू लागल्या.

आता नांदेडला घरूनच किरकोळ नकाशांची कामं करतो. मॉडेलला मी दोष देत नाही. मी दाखवलं तेवढंच त्याने पाहिलं. तपासणीला पाठवलेल्या पोरांपैकी कुणी ग्राउंड ट्रुथची शीट घरी सहीला आणली, की मी आधी त्याच्या बुटांकडं बघतो. बूट स्वच्छ असतील तर शीट परत.