शून्यं गेलेली लेबलं

मी वाकडला राहते, नोकरी आयटीत. सुट्टीच्या दिवशी एक छोटा ओपन सोर्स प्रोग्राम सांभाळते. मालाच्या खोक्यांवर चिकटवायची लेबलं तो छापतो. कुणीही फुकट घ्यावा, वापरावा. त्याच्या दोन आवृत्त्या असतात. एक स्टेबल, म्हणजे पारखलेली, रोजच्या कामाची. दुसरी डेव्हलपमेंटची, जिच्यात माझी मोडतोड चालू असते. या दोन्हींची गल्लत होऊ न देणं, एवढंच खरं तर माझं काम.

एका रविवारी स्टेबलमध्ये किरकोळ दुरुस्ती द्यायची होती. घाईघाईत मी डेव्हलपमेंटची अर्धवट आवृत्तीच स्टेबल म्हणून टाकली आणि भाजी आणायला गेले.

मंगळवारी चाकणजवळच्या एका लहान कारखान्यातल्या स्टोअर इन्चार्जची मेल आली. लेबलांवर लॉट नंबरच्या सुरुवातीची शून्यं उडाली होती. गिऱ्हाईक कंपनीच्या गेटवर स्कॅनरने नंबर ओळखले नाहीत आणि टेम्पो भरल्या मालानिशी परत आला. मेलमध्ये राग नव्हता. खाली फोन नंबर होता.

चूक लगेच कळली. आधीची आवृत्ती पुन्हा जागेवर ठेवली, फोन केला. तेवढ्यावर भागलं असतं. तरी दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिकडे गेले.

इन्चार्ज पन्नाशीचे, तिथल्याच गावचे. त्यांनी आधी पाणी दिलं.

“मॅडम, आमी काय नवीन मागितलं व्हतं का?”

“नाही. नवीन आवृत्ती तयारच नव्हती. माझ्या चुकीने तुमच्याकडे आली.”

“नवीन करू नका असं न्हाई म्हनत मी. पन आमाला काल जसं व्हतं तसंच उद्या पायजे. गेटवरचा मानूस खोक्यात काय हाय ते बघत न्हाई, लेबल बघतो.”

मागे दोन बायका खोक्यांवरची लेबलं खरवडून काढत होत्या. मीही जाऊन बसले. मी कोण, हे त्यांनी विचारलं नाही. एक जण फक्त म्हणाली, “कोपऱ्यापासून ओढा ताई, मधून फाटतं.” चार वाजेपर्यंत नखं हुळहुळी झाली.

तेव्हापासून दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय मी स्टेबल आवृत्ती सोडत नाही. तिच्यात फक्त दुरुस्त्या जातात. प्रोग्राम वापरणाऱ्या एकाला रंगीत लेबलांची सोय लगेच स्टेबलमध्ये हवी होती. मी नाही म्हटलं. त्याने दोन लांबलचक निरोप लिहिले आणि सगळ्या कोडची प्रत घेऊन स्वतःचा वेगळा प्रोग्राम सुरू केला. ओपन सोर्समध्ये तशी मुभा असते. थोडं वाईट वाटलं.

पुढे नवी आवृत्ती खरोखर तयार झाली, तेव्हा इन्चार्जना फोन केला.

“घाई न्हाई ना? दिवाळीनंतर बगू,” ते म्हणाले.

दिवाळी होऊन गेली. मी पुन्हा विचारलेलं नाही. त्यांच्या जुन्या आवृत्तीसाठी दुरुस्त्या अजून देते.