केंडाच्या पोटातला वारा

रापणीचं जाळं ओढून झालं की बायका किनाऱ्यावरच मासे निवडायला बसतात. बांगडे टोपलीत जातात आणि कुणीच खात नाही तो केंड मासा वाळूवर फेकला जातो. त्या सकाळी मी बांगडे घेऊन निघाले होते, तर पायाशी एक केंड चेंडूसारखा फुगून पडलेला, तोंड उघडत-मिटत. मी मासे खाते आणि खात राहीन. पण कुणाच्या ताटात न जाता याने तासभर वाळूत मरत राहावं, हे मला पटेना. मी त्याला शेपटीला धरून पाण्यात टाकला. तो पोट वर करून तरंगू लागला. कावळे होतेच टपून.

मासे निवडणारी काकी हसली. "बांगडो खातंस आणि केंडाची दया येता तुका? अगो, तेच्या पोटात वारो भरलो हा. असो खंय बुडतलो!"

तरी ती उठली. गुडघाभर पाण्यात जाऊन तिने त्याला तोंड वर करून पाण्याखाली धरलं. बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, गेला. मग एक बुडबुडा आला, मागोमाग पुष्कळ आले, आणि तिच्या हातात एक साधा, सडपातळ मासा उरला. शेपटी हलवून तो निघूनही गेला.

पाण्यात टाकलं की सुटका झाली, असं मी धरून चालले होते. बरं झालं, काकी जवळ होती.

"आता बघत काय रवलंस?" ती म्हणाली. "थंय आजून चार पडले आसत. घेवन ये."

मी बांगड्यांची पिशवी खाली ठेवली.