ठेवणीतलं विमान

बाबांना भेंडी घ्यायची म्हटली तरी अर्धा तास लागायचा. प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघायचे आणि भाजीवाली वैतागायची. दर पाडव्याला आईच्या तबकात घालायची साडी निवडतानाही हाच घोळ, आणि एवढं करून रंग मातकटच. आई ती कपाळाला लावायची आणि ट्रंकेत टाकायची. चांगलं ते ठेवणीत, हा आमच्या घरचा कायदा. नव्या चादरी ठेवणीत, काचेचे कप ठेवणीत. मला त्याची तेव्हाही चीड होती, आज तर फारच आहे.

मी कॉलेजात असताना एका दिवाळीच्या तोंडावर बाबा म्हणाले, "चल, मुंबईत एक काम आहे." काम निघालं फ्लाइंग क्लबात. आईचं माहेर कऱ्हाडजवळ, धावपट्टीला लागून. विमान चालवणाऱ्याच्या शेजारी एकदा तरी बसायचंय, हे तिचं पालुपद मी लहानपणापासून ऐकत आले होते. बाबा तेव्हा पेपरातून मानही वर करायचे नाहीत. मला वाटायचं, त्यांच्या कानावर जातच नसेल.

क्लबातल्या माणसाने दोन प्रकार सांगितले. एक म्हणजे मागे बसून नुसती चक्कर. दुसरा म्हणजे धडा: शिकवणाऱ्याच्या शेजारची जागा, आणि वर गेल्यावर थोडा वेळ विमान आपल्या हातात. आता इथेच संध्याकाळ होणार, असं मी मनात म्हटलं. पण बाबा ताबडतोब म्हणाले, "धडा."

"मग तुम्हीही बसा की मागे," तो म्हणाला. बाबांना गच्चीच्या कठड्याशीसुद्धा गरगरायचं. "नको, नको. मी खाली उभा राहीन."

पाडव्याला आईने ओवाळलं आणि बाबांनी तबकात पाकीट ठेवलं. वाचून ती आधी खेकसली, "या वयात हे काय खूळ!" मग स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते.

"तुम्ही कुठे उभे राहणार?"

"कुंपणापाशी. तू हात हलव, मीही हलवीन."

विमानात साडी चालणार नव्हती. आईने जन्मात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस शिवून घेतला, डाळिंबी रंगाचा. दारावर मासे घेऊन येणाऱ्या उरणच्या कोळणीलाही बातमी सांगून झाली. ती म्हणाली, "वैनी, तुमी इमान चालवनार? पडलात तर खाडीतच पडा, आमची मानसं हायेत तिथं." आई खूप हसली. तिचं तसं हसणं नंतर मी फारसं ऐकलं नाही.

पण जायचं कधी? तुळशीचं लग्न होऊ दे. मार्गशीर्षातले गुरुवार होऊ देत. थंडी सरू दे, मुलीची परीक्षा होऊ दे. पाकीट आणि ड्रेस ट्रंकेत गेले, साड्यांच्या घडीवर. विमानसुद्धा ठेवणीत! बाबा अधूनमधून विचारायचे. आई म्हणायची, "जाऊ हो. विमान कुठे पळून जातंय?"

विमान पळालं नाही. शिमग्याच्या आधी एका सकाळी बाबा ऑफिसला निघाले आणि एसटी स्टँडवरच छातीत कळ येऊन कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढची दिवाळी आमच्या घरी आलीच नाही. पाडव्याला तबक फडताळातच राहिलं. नंतरच्या आठवड्यात एका सकाळी आई डाळिंबी ड्रेस घालून बाहेर आली. आत्या राहायला आली होती, ती हबकलीच. "अगं, वर्ष तरी सरू दे!"

"त्यांनी घातलेली ओवाळणी आहे ही," आई म्हणाली. "आता आणखी ठेवायची नाही."

मी क्लबाच्या कुंपणापाशी उभी राहिले, बाबा जिथे उभे राहणार होते तिथे. विमान वर चढलं, लांब जाऊन वळलं आणि आमच्या डोक्यावरून गेलं. मी हात हलवत होते आणि रडत होते. बाबांचा मला भयंकर राग आला होता, आईचा त्याहून जास्त.

परतताना पनवेल आलं तेव्हा मी विचारलं, "दिलं का विमान हातात?"

"दिलं की. पण मी एकाच हाताने धरलं."

"का?"

"वरून माणूस ओळखूच येत नाही गं. कुंपणापाशी कुणीतरी उभं आहे, एवढंच दिसतं. दुसरा हात मी हलवत होते."