वाळवलेलं रेझिन

मी आणि बायकोनं हसत-बोलत केलेलं शेवटचं काम म्हणजे शेडच्या अंगणात पोत्यांवर रेझिनचे दाणे वाळत घातले, ते. त्यानंतर चाळीसच्या वर वर्षं संसार केला. ती गेली त्याला आता महिना झाला. तिच्यापाशी बोलायचं राहिलं, ते कागदावर काढतो.

बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. पांढरकवड्याबाहेर दगडातून युरेनियम काढायच्या प्रयोगासाठी टिनाची शेड टाकली होती. ट्रकनं दगड यायचा. तो कुटून तेजाबात भिजवला की आतलं युरेनियम पाण्यात उतरायचं. ते जहाल पाणी काचेच्या उभ्या नळ्यांतून सोडायचं. नळ्यांत रेझिन भरलेलं, म्हणजे मोहरीएवढे, मधाच्या रंगाचे दाणे. युरेनियम दाण्यांना धरून बसायचं, बाकीचं पाणी खाली निघून जायचं. मग मिठाच्या पाण्यानं ते सोडवून घ्यायचं, आणि दाणे धुऊन परत वापरायचे. नळ्या माझ्याकडे, दाणे धुणं बायकोकडे.

एकदा प्रयोग चालवणारे साहेब चार दिवस नागपूरला गेले. जाताना मला बजावलं, "दाणे पाण्यात बुडवून ठेव." मी मान डोलावली. पण आमच्या घरात तूर म्हणा, ज्वारी म्हणा, वाळवल्याशिवाय कोठीत गेली नव्हती. ओला दाणा ठेवायचा, हे मनाला पटेचना.

"अवो, साहेब पान्यात ठेवा म्हने ना?" बायको म्हणाली.

"पान्यात कोनता दाना टिकला? आंबून जाईन. नाईतर मोड येतीन."

"मंग उसळ करू. साहेबालेच वाढू."

"तू पसर मुकाट्यानं. मले नको शिकवू."

ती हसत पसरत गेली, मधून मधून हात फिरवत राहिली. दोन दिवसांत दाणे आकसून हलके झाले. मला वाटलं, साहेब शाबासकी देतील.

साहेब आले. त्यांच्यासमोर मी वाळलेले दाणे नळीत भरले आणि वरून पाणी सोडलं. लाह्या फुटाव्या तसं तडतडलं. कोरडे दाणे एकदम पाणी प्याले आणि तडकले. चुरा खाली बसला, नळी तुंबली. साहेबांनी चिमूटभर चुरा तळहातावर घेतला. लई मुश्किलीनं मिळालेला माल होता तो.

"कुणी वाळवले हे?"

बायको शेजारीच बादली घेऊन उभी होती.

"बाईनं, साहेब," मी म्हणालो. "तिले काय समजते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांना म्हणाली, "हो, म्याच वाळवले."

त्याच दुपारी तिला कामावरून काढलं. मला ठेवलं. भीतीनं बोलून गेलो म्हणू? तेही खरं नाही. ती जवळ उभी होती, म्हणून तिचं नाव घेतलं. घरी गेल्यावर तिनं फक्त विचारलं, "आंघोळीले पानी तापवू का?" मी हो म्हणालो. उद्या साहेबांना खरं सांगतो, हे शब्द तोंडापर्यंत आले आणि तिथंच राहिले.

सकाळी खरं सांगायचं ठरवूनच शेडवर गेलो. साहेब राखून ठेवलेल्या रेझिनचा डबा उघडत होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "धुवायला दुसरी बाई आण. जरा अक्कल असलेली."

मी "जी" म्हणालो आणि घराकडे वळलो. शेजारच्या वहिनीला हाक मारली. बायको आमच्या दारात भांडी घासत बसली होती. तिच्यासमोरून मी वहिनीला कामावर घेऊन गेलो.